इस्फहान ते झाबोल: इराण-अफगाण शिवेवरचा प्रवास

पानिपतावर आलेला अहमदशहा अब्दाली हा नादिरशहाच्या फौजेत वाढलेला सरदार होता, आणि नादिरशहाचा उदय झाला तो इस्फहान बळकावून बसलेल्या अफगाणांना हुसकावून लावताना. ही साखळी मराठी वाचकाला परिचित असते, पण तिचे पहिले दुवे जिथे घडले तो मुलूख पाहायला आपल्याकडून फारच थोडे लोक जातात. आमचे स्नेही, ज्यांना आम्ही सगळे ‘सर’ म्हणतो, ते इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. पेशवेकालीन फारसी कागद मुळातून वाचता यावेत म्हणून त्यांनी ऐन चाळिशीत फारसी शिकून घेतली होती. मे २०२३ मध्ये इराणचे सीमारक्षक आणि तालिबान यांच्यात हेलमंद नदीच्या पाण्यावरून तणाव वाढून गोळीबार झाल्याचे वाचले तेव्हा सर म्हणाले, “हे भांडण तीनशे वर्षांचे आहे. एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालून पाहू या.” त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आम्ही निघालो. व्हिसा, विमान, मुक्काम हे सगळे सुरळीत पार पडले.

शनिवार, इस्फहान

नक्श-ए-जहान चौकाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी थेट चेहेल सोतून महालात शिरतो. त्याच्या मुख्य दालनात भिंतभर मोठी चित्रे आहेत. एकात इराणचा शहा तहमास्प याच्या दरबारी आश्रयाला आलेला हुमायून दिसतो, तर दुसऱ्यात नादिरशहा आणि मोगल बादशहा मुहम्मदशहा यांची १७३९ ची कर्नालची लढाई रंगवलेली आहे. हे दुसरे चित्र मागाहून भर घातलेले आहे. ज्या घराण्याचा हा महाल, ते सफावी घराणे कर्नालपूर्वीच सत्तेवरून गेले होते, आणि ते कसे गेले याचे मात्र एकही चित्र इथे नाही. सर त्या दालनात बराच वेळ उभे होते. “विजयाची चित्रे आहेत, १७२२ चे नाही,” एवढेच ते म्हणाले.

१७२२ ची, म्हणजे अफगाणांनी सफावींची राजधानी इस्फहान घेतल्याची, हकिगत कंदाहारपासून सुरू होते. कंदाहार तेव्हा सफावींच्या ताब्यात होते आणि तिथे गुर्गीन खान हा जॉर्जियन सुभेदार कठोर हाताने कारभार करत होता. गिलझाई टोळीचा पुढारी मीरवैस होतक याला त्याने संशयावरून कैद करून इस्फहानला पाठवले. मीरवैसने दरबारात मर्जी संपादन केली, राजधानी किती पोखरली आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, मक्केची यात्रा केली आणि मानाने कंदाहारला परत गेला. १७०९ मध्ये त्याने गुर्गीन खानाला ठार करून कंदाहार स्वतंत्र केले. त्यात शिया राजसत्ता आणि सुन्नी प्रजा हा ताण होताच, पण त्याहून मोठा होता तो सुभेदाराच्या जुलमाचा प्रश्न. इस्फहानवर चालून आला तो मीरवैसचा मुलगा महमूद. म्हणजे राजधानी जिंकणारे हे लोक काल-परवापर्यंत त्याच राज्याची प्रजा होते. इथून पुढच्या प्रत्येक मुक्कामावर मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

दुपारी बाजारात बिर्यान खाल्ले. नावावरून आपल्याला भात अपेक्षित असतो, पण इथे मेंढीच्या मांसाचा खिमा लहान कढल्यात दालचिनी घालून परततात आणि गरम पोळीवर उलटतात. सोबत कांदा, तुळशीसारखी पाने आणि ताक. शाकाहारी माणसाला इराणात थोडे सांभाळून राहावे लागते. वांग्याचे कश्क-ए-बादेमजान मात्र बहुतेक ठिकाणी मिळते.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भारतीय बँकांची कार्डे इथे चालत नाहीत, त्यामुळे पूर्ण प्रवासाचा खर्च डॉलर किंवा युरोत रोख न्यावा लागतो. आणि नोटेवर रियाल छापलेले असले तरी भाव सगळे तोमानमध्ये सांगतात. एक तोमान म्हणजे दहा रियाल.

रविवार, गुलनाबाद आणि जुल्फा

गुलनाबाद शहराच्या पूर्वेला आहे. साठीतला टॅक्सीचालक आम्हाला तिकडे नेताना चकित झाला होता, कारण तिथे जायला पर्यटक कधी सांगत नाहीत. सपाट, कोरडी जमीन, मधूनमधून कापणी झालेली शेते आणि कडेला विटांच्या भट्ट्या. ८ मार्च १७२२ रोजी इथे सफावी फौज महमूदच्या फौजेपेक्षा संख्येने दुपटीच्या आसपास होती, तोफखाना तिच्याकडे होता, आणि तरीही ती एका दिवसात मोडली. सफावी सरदारांत एकवाक्यता नव्हती. एक बाजू लढत असताना दुसरी पाहत राहिली. अफगाणांकडे जड तोफा नव्हत्या, पण उंटांवर बसवलेल्या हलक्या तोफा होत्या. त्यांच्या घोडेस्वारांनी माघारीचा देखावा केला, पाठलागावर आलेले इराणी स्वार पुढे येताच मधली फळी बाजूला सरली आणि गुडघे टेकून बसलेल्या उंटांवरून भडिमार सुरू झाला. सर इथे फार अस्वस्थ झाले. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी मराठ्यांची फळी विस्कटली त्यात अब्दालीच्या शुतरनाळांचा, म्हणजे अशाच उंटांवरच्या तोफांचा, वाटा मोठा होता. “एकोणचाळीस वर्षे आधी इथे जे झाले ते आपल्याकडे कोणाला ठाऊक असते तर,” असे म्हणून ते थांबले. त्या रणांगणाची खूण सांगणारा दगड किंवा फलक आम्हाला कुठे दिसला नाही.

लढाईनंतर महमूदने शहराला वेढा घातला. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. घोडे संपले, खेचरे संपली, मग कुत्री, चामडे आणि झाडांच्या साली. उपासमारीने आणि रोगराईने माणसे हजारोंनी मेली. अखेर शाह सुलतान हुसेन शहराबाहेर फराहाबादच्या महालात महमूदच्या भेटीला गेला आणि स्वतःच्या हाताने आपला शिरपेच त्याच्या फेट्यावर चढवला. आमच्या चालकाला ही हकिगत तोंडपाठ होती. त्याच्या बोलण्यात अफगाणांविषयी राग जवळजवळ नव्हता, सगळा राग शहावर होता. “जनाब, आमच्याकडे एखादा पुढारी मिळमिळीत निघाला की म्हणतात, हा शाह सुलतान हुसेन आहे. घर आतून पडले. बाहेरच्याने फक्त दार ढकलले.”

परतताना आर्मेनियन लोकांच्या जुल्फा वस्तीत वांक चर्च पाहिले. वेढ्यापूर्वी अफगाणांनी ही वस्ती ताब्यात घेऊन तिच्यावर मोठी खंडणी बसवली होती, आणि तिच्या व्यापाराचे वैभव त्यानंतर पूर्वपदावर आले नाही. जायंदे नदीवरच्या तेहतीस कमानींच्या पुलाखाली अलीकडे वर्षाचा बराच काळ पाणी नसते. कोरड्या पात्रात मुले चेंडू खेळत होती. पाण्याचे दुखणे फक्त सीमेवरचे नाही, हे या प्रवासात पहिल्यांदा तिथे जाणवले.

सोमवार, मशहद

सकाळच्या विमानाने मशहदला आलो. इस्फहानला दुपारी ऊन होते, इथे स्वेटर काढवेना.

नादिरशहाची समाधी शहराच्या मध्यात एका बागेत आहे. हूशंग सेहून या वास्तुविशारदाने १९६० च्या दशकाच्या आरंभी ती बांधली. ग्रॅनाइटचे जड, तंबूसारखे छप्पर, आणि वर घोड्यावर स्वार नादिर, मागे पायदळ. शाळकरी मुलांच्या सहली आल्या होत्या. इराणी मुलाला नादिर शिकवला जातो तो देश परक्यांच्या हातून सोडवणारा वीर म्हणून, आणि ते खोटे नाही: १७२९ मध्ये आधी दामगानजवळ आणि मग मूर्चे-खोर्त इथे त्याने महमूदचा वारस अश्रफ याचा पराभव करून इस्फहान मोकळे केले. पण पुढे काय झाले ते त्या बागेत कोणी सांगत नाही. १७३८ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर नादिरने कंदाहार घेतले, होतकांची, म्हणजे मीरवैसच्या घराण्याची, सत्ता संपवली आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी अब्दाली टोळीला आपल्या फौजेत मानाची जागा दिली. कंदाहारच्या तुरुंगातून त्याने सोडवलेला अब्दाली तरुण म्हणजेच अहमद खान. १७४७ मध्ये खुद्द नादिरच्या इराणी सरदारांनीच त्याचा तंबूत खून केला, तेव्हा अहमद खान आपले स्वार घेऊन कंदाहारला गेला आणि अहमदशहा झाला. अफगाण राज्याची सुरुवात अशी इराणी छावणीतून झाली. पुढे अब्दालीने मशहदला वेढा घातला, पण नादिरच्या आंधळ्या केलेल्या नातवाला, शाहरुखला, त्याने आपला मांडलिक म्हणून तिथेच गादीवर राहू दिले. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या नातवाला त्याने संपवले नाही, ही गोष्ट सरांना अब्दालीच्या बाजूने फार महत्त्वाची वाटते. मला तितकीशी वाटत नाही. मांडलिक शाहरुख त्याला पश्चिमेच्या बाजूने सोयीचा होता.

मंगळवार, हरम आणि गुलशहर

शियांचे आठवे इमाम रजा यांच्या दर्ग्यात, ज्याला इथे हरम म्हणतात, मुस्लिमेतर परदेशी पाहुण्यांना मार्गदर्शक सोबत देऊन प्रांगणे दाखवतात. खुद्द कबरीपाशी जाता येत नाही. कॅमेरा व पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, फोन नेता येतो. स्त्रियांनी चादर घेणे सक्तीचे आहे आणि ती दारात मिळते. याच परिसरात १४१८ ची गौहरशाद मशीद आहे. गौहरशाद ही तैमूरच्या मुलाची, या दुसऱ्या शाहरुखची, राणी, आणि तिची राजधानी होती आजच्या अफगाणिस्तानातले हेरात. मशहदची ही मशीद आणि हेरातचे मुसल्ला हे मशीद-मदरशांचे संकुल एकाच राणीने एकाच वास्तुविशारदाकडून, कवामुद्दीन शिराझीकडून, बांधून घेतले. हेरातचा तो मुसल्ला १८८५ मध्ये रशियन हल्ल्याच्या धास्तीने इंग्रजांच्या सल्ल्यावरून सुरुंगाने उडवण्यात आला. मशहदची मशीद मात्र पूर्ण उभी आहे. खोरासान म्हणून जो एकसंध प्रदेश होता त्याचे दोन तुकडे कसे झाले, हे पुस्तकातल्या नकाशापेक्षा या निळ्या कौलांकडे पाहून अधिक कळते.

दुपारी गुलशहरला गेलो. मशहदच्या पूर्वेकडच्या या वस्तीत मुख्यतः अफगाणिस्तानातून आलेले हजारा या शिया जमातीचे लोक राहतात. बरेचजण १९७९ नंतरचे, पण त्यांच्या आधीही एक लाट आली होती: १८९० च्या दशकात काबूलच्या अमीर अब्दुर रहमानने हजारांचा निर्दय संहार केला, तेव्हा अनेक कुटुंबे खोरासानात पळून आली. एका खानावळीत बोलानी खाल्ली, गंदना नावाची पात आणि बटाटा भरून तेलावर भाजलेली. सोबत हिरवा चहा आला. बाकी इराणभर काळा चहा, इथे हिरवा.

मालक पन्नाशीचा. सरांचे पुस्तकी फारसी ऐकून तो इतका खूश झाला की हातातले काम मुलाकडे देऊन शेजारी येऊन बसला. सरांनी त्याला मीरवैसबद्दल विचारले. तो म्हणाला, “आगा, मीरवैस कंदाहारच्या लोकांचा आजोबा, माझा नाही. माझ्या आजोबांना तिकडून हाकलले ते काबूलच्या अमीराने. आणि इथे माझा मुलगा जन्मला, शिकला, तरी त्याच्या नावावर मोबाइलचे सिमकार्ड घेताना खटपट.” मुलगा आतून म्हणाला, “बाबा, पाहुण्यांना हे कशाला?” बाप म्हणाला, “विचारतायत म्हणून सांगतो.” इराण-अफगाण वैर म्हणून जे आपण वाचतो त्यात ‘अफगाण’ या एका बाजूला किती बाजू असतात, हे त्या बाकावर बसून समजले. सरकारी अंदाजानुसार तेव्हा इराणात सुमारे ४५ लाख अफगाण होते. शहरातली बांधकामे, विहिरी खणणे, विटांच्या भट्ट्या, केशराची शेते, ही कष्टाची कामे मोठ्या प्रमाणात त्यांच्यावर चालतात. तरीही महागाई वाढली की बोट त्यांच्याकडे जाते. मला याचे फार वाईट वाटले आणि ते लिहून ठेवायला हवे.

बुधवार, तोर्बत-ए-जाम आणि तायबाद

भाड्याच्या मोटारीने आग्नेयेला निघालो. तोर्बत-ए-जामला शेख अहमद जामी या सूफी संताची कबर आहे, उघड्यावर, एका जुन्या पिस्त्याच्या झाडाखाली, मागे उंच कमान. अकबराची आई हमीदाबानू याच घराण्यातली, आणि राज्य गमावलेला हुमायून इराणात असताना इथे येऊन गेला होता. हा भाग इराणमध्ये असला तरी सुन्नी लोकवस्तीचा आहे. गुलशहरचे शिया हजारा अफगाण आणि तोर्बतचे सुन्नी इराणी, असे दोन दिवसांत पाहिल्यावर पंथाच्या आधारे या वैराची सरळ वाटणी करता येत नाही.

तायबाद त्यापुढे. इथल्या मौलाना जैनुद्दीन मशिदीची कमान पंधराव्या शतकातली, तैमूरी घडणीची. तिथून दोघारून सीमानाका जवळ आहे, आणि पलीकडे अफगाण हद्दीत इस्लाम कला हे गाव, मग हेरात. रस्त्याच्या कडेला मालमोटारींची मैलभर रांग होती. ऑक्टोबरमध्ये हेरात प्रांतात भूकंपांनी हजारावर माणसे मारली होती. धक्के तायबादलाही बसले. चहाच्या टपरीवर जो तो पलीकडच्या नातलगांविषयी बोलत होता: कोणाची बहीण तंबूत, कोणाचा मेहुणा बेपत्ता.

हेरातसाठी इराणच्या काजार शहांनी एकोणिसाव्या शतकात दोन मोठ्या मोहिमा केल्या. १८३७-३८ चा वेढा फसला. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र हेरात त्यांच्या हाती आले, आणि तेव्हा लढाई झाली ती इथून फार दूर, इराणच्या आखातात. इंग्रजांना हेरात ही हिंदुस्थानची वेस वाटत होती. त्यांनी मुंबईहून फौज जहाजांत घातली, डिसेंबरमध्ये बुशेहर बंदर घेतले, आणि फेब्रुवारी १८५७ मध्ये खुशाब इथे इराणी सैन्याचा पराभव केला. पूना हॉर्स हे घोडदळ त्या मोहिमेत होते. ४ मार्च १८५७ च्या पॅरिस तहाने इराणने हेरातवरचा हक्क सोडला, आणि ही फौज परतते न परतते तोच आपल्याकडे सत्तावनचा उठाव पेटला. हेरात इराणपासून कायमचे तुटण्यात मुंबई इलाख्यातल्या शिपायांचा हात होता, हे तायबादच्या टपरीवर उभे राहून आठवणे सोपे नव्हते.

सीमेवर मोटारीतूनसुद्धा छायाचित्र काढू नये. आमच्या चालकाने नाका दिसण्यापूर्वीच फोन खिशात ठेवायला सांगितले.

गुरुवार, दक्षिणेची बस

मशहद ते झाबोल सुमारे नऊशे किलोमीटर, बसने रात्र धरून. नोव्हेंबर हा केशराचा हंगाम. गोनाबादच्या पुढे बस जेवणासाठी थांबली, तेव्हा खानावळीच्या मागच्या खोलीत बायका जांभळ्या फुलांच्या राशीभोवती बसून प्रत्येक फुलातले तीन लाल तंतू वेगळे करत होत्या. फुले पहाटे, ऊन चढायच्या आत खुडावी लागतात. एका आजींनी सरांच्या हातावर चिमूटभर ओले केशर ठेवले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

नेहबंदानच्या पुढे मध्यरात्री पोलीस चौकीवर बस थांबवली. आमचे पासपोर्ट पाहून अधिकारी अदबीने “हिंद?” म्हणाला आणि पुढे गेला. मागच्या बाकांवरच्या दोन अफगाण तरुणांना मात्र त्याने खाली उतरवले. त्यांच्याकडे आदल्या वर्षी झालेल्या अफगाणांच्या गणनेची चिठ्ठी होती, पण तिची मुदत संपलेली. ते काही न बोलता उतरले. अशा वेळी काय करायचे हे त्यांना चांगले ठाऊक असावे. एकाची पिशवी वरच्या फळीवर राहिली होती. शेजारच्या सीटवरच्या बलुच गृहस्थाने ती उचलली, धावत खाली जाऊन त्या पोराच्या हातात दिली. बस तासाभराने सुटली, ते दोघे न घेता.

शुक्रवार, झाबोल

झाबोलच्या भोवतालचा सिस्तान हा खोलगट प्रदेश. अफगाणिस्तानातल्या हिंदुकुशाच्या बर्फावर पोसलेली हेलमंद नदी अकराशे किलोमीटरहून अधिक वाहत येऊन इथे हामून नावाच्या उथळ सरोवरांत विसावते. तिच्या प्रवाहाचा काही भाग हीच सीमा आहे. आम्ही हामूनच्या काठावर गेलो तेव्हा काठ होता, सरोवर नव्हते. पांढरी, भेगाळलेली माती क्षितिजापर्यंत. मधोमध कूह-ए-ख्वाजा ही सपाट माथ्याची काळी टेकडी. हामून भरलेले असताना ती बेट असे. तिच्या उतारावर पार्थियन-सासानी काळातल्या मातीच्या वाड्याचे अवशेष आहेत, नक्की पाहावेत.

आम्हाला घेऊन जाणारा वाटाड्या मासेमारांच्या घरातला. लव्हाळ्याच्या जुड्या बांधून केलेल्या तूतन या होड्यांत त्याचे वडील जाळी टाकत. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून हामून वारंवार कोरडे पडले आणि त्याचे भाऊ गोर्गानकडे मजुरीला गेले. उन्हाळ्यात इथे एकशेवीस दिवसांचा वारा सुटतो. पूर्वी तो पाण्यावरून गार होऊन येई, आता सरोवराची माती घेऊन येतो. घरोघरी खिडक्यांच्या फटी ओल्या फडक्यांनी बंद करतात. मे ते सप्टेंबर इथे जाऊ नये.

शनिवार, पाण्याचा हिशेब

१९७३ च्या मार्चमध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी, अमीर अब्बास होवेदा आणि मुहम्मद मूसा शफीक यांनी, हेलमंदचा करार केला. सामान्य पाण्याच्या वर्षी इराणला सेकंदाला २२ घनमीटर हक्काचे आणि ४ सद्भावनेचे, वर्षाला एकूण ८२ कोटी घनमीटर. झाबोलचा भाजीविक्याही हे आकडे सांगतो. अफगाण बाजूचे म्हणणे असे की दुष्काळात नदीलाच पाणी नाही, आणि आमच्या नदीवर काजकी नि २०२१ मध्ये पूर्ण झालेले कमाल खान ही धरणे बांधणे हा आमचा अधिकार आहे. इराणचे म्हणणे असे की मोजायला आमचे तज्ज्ञ धरणावर येऊ द्या. मे २०२३ मध्ये इराणचे अध्यक्ष रईसी यांनी सिस्तानात येऊन इशारा दिला आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला सासोली चौकीजवळ गोळीबार झाला. दोन इराणी सीमारक्षक आणि एक तालिबानी मारला गेला. आधी गोळी कोणी झाडली याबद्दल दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात.

त्याआधीची एक चकमक मला जास्त बोलकी वाटते. इराणने चोरटी वाहतूक थांबवण्यासाठी सिस्तानात भिंत उभारली, पण ती प्रत्यक्ष सीमारेषेच्या आत. त्यामुळे काही इराणी शेतकऱ्यांची जमीन भिंतीपलीकडे, तरीही इराणातच, राहिली. १ डिसेंबर २०२१ रोजी शगालक गावाजवळ असे शेतकरी भिंत ओलांडून आपल्या शेतात गेले आणि नव्याने सत्तेवर आलेल्या तालिबानच्या शिपायांनी त्यांना घुसखोर समजून गोळीबार केला. आपल्या गावात बांध कोरल्यावरून आणि पाटाच्या पाळीवरून चुलत्या-पुतण्यांत जे डोकी फोडण्यापर्यंत जाते, त्या भाऊबंदकीचेच हे रूप आहे. आणि इथे मोजणीदारही बाहेरून, बहुतेक इंग्रज, आले: सिस्तानात १८७२ मध्ये गोल्डस्मिड आणि १९०३ ते १९०५ मध्ये मॅकमोहन, उत्तरेला हश्तादानमध्ये १८९१ साली मॅक्लीन, आणि मधला पट्टा १९३५ मध्ये फखरुद्दीन आल्ताय या तुर्की सेनानीने आखला. नऊशे किलोमीटरहून लांब सीमेचे हे तिन्ही तुकडे तिसऱ्यांनी आखून दिलेले आहेत.

अर्थात सगळे पाण्यावर आणि बांधावर ढकलता येणार नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये उत्तर अफगाणिस्तानातले मझार-ए-शरीफ घेताना तालिबानच्या बाजूच्या बंदूकधाऱ्यांनी इराणी वाणिज्य वकिलातीत शिरून आठ राजनैतिक अधिकारी आणि महमूद सारेमी या पत्रकाराला मारले, त्याच शहरात हजारा वस्त्यांत कत्तल झाली, आणि इराणने सीमेवर प्रचंड फौज आणून उभी केली. युद्ध थोडक्यात टळले. सारेमींच्या स्मरणार्थ इराण दरवर्षी पत्रकार दिन पाळतो. आमच्या वाटाड्याचे काका तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेत होते आणि तायबादजवळ त्यांनी तो हिवाळा काढला होता. काकांना भेटायला संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. खजुराचे सारण भरलेले सिस्तानी कुलूचे आणि चहा समोर आला. सरांनी विचारले, “चाचाजी, लढावे लागेल असे वाटले होते?” ते म्हणाले, “वाटले होते. पण माझी मावशी सीमेपलीकडे झरंजला होती. तोफ तिच्या घराकडे तोंड करून होती, तायबादला नसती तर इथे असती.”

झरंज इथून जवळच. मीलक नाका आणि त्यावरचा रेशीम पूल ओलांडला की तेच. तिथून देलारामपर्यंतचा २१८ किलोमीटरचा रस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेने बांधून २००९ मध्ये पूर्ण केला, आणि आपला गहू चाबहार बंदरातून याच बाजूने अफगाणिस्तानात गेला. झाबोलमध्ये भारतीय म्हटल्यावर मिळणाऱ्या आपुलकीत याचाही भाग असावा. परवानगीशिवाय मीलकच्या दिशेने जाऊ नये. मुक्कामाच्या जागी पासपोर्टची नोंद पोलिसांकडे होते आणि कुठे जाणार हे आधीच सांगितलेले बरे. सिस्तान-बलुचिस्तान प्रांतात घातपात होत असतात, म्हणून निघण्याआधी आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना पाहावी.

रविवार, शहर-ए-सुख्तेमार्गे झाहेदान

झाहेदानच्या रस्त्यावर शहर-ए-सुख्ते लागते. पाच हजार वर्षांपूर्वीची ही नगरी २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. हेलमंदच्या एका फाट्यावर ती वसली, आणि नदीने पात्र बदलल्यावर ओस पडली असे अभ्यासक मानतात. दोन-अडीच तास ठेवावेत. सावली नाही, पाणी सोबत न्यावे. जमिनीवर पाय ठेवाल तिथे खापरांचे तुकडे आहेत, पण एकही उचलू नये.

झाहेदानहून विमानाने तेहरान आणि मग मुंबई. विमानात सरांनी वहीत पॅरिस तहाच्या आगेमागच्या तारखा लिहून काढल्या. बुशेहरच्या मोहिमेचा मुंबई सरकारचा पत्रव्यवहार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहे. हेरातहून आलेली फारसी पत्रे त्यात निघतात का, हे पाहायला त्यांनी परतल्याच्या आठवड्यात अर्ज केला असून पहिल्या गठ्ठ्याची नक्कल करायला मीही त्यांच्यासोबत बसणार आहे.